इंग्रजी वाक्प्रचार: अर्थ पाठ आहे, पण वाक्यात बसत नाही. नेमकं शिकायचं कसं?

शब्दवेध

इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ बऱ्याच जणांना तोंडपाठ असतात. 'पीस ऑफ केक' म्हणजे सोपं काम, 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित. पण बोलताना किंवा लिहिताना तोच वाक्प्रचार वापरायचा म्हटलं की घोडं पेंड खातं. याचं कारण पाठांतरात नुसता अर्थ असतो, वापर नसतो. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की वाक्प्रचार हा शब्दासारखा लक्षात ठेवू नये, छोट्या वाक्यासारखा लक्षात ठेवावा. प्रत्येकाचं एक कार्ड करा आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: सांगाडा, कोणत्या प्रसंगी, कोणाशी बोलताना, काय बदलत नाही आणि आपलं एक वाक्य.

सांगाडा म्हणजे रिकाम्या जागांसकट पूर्ण रूप. इथे शब्दकोशातली एक खूण फार उपयोगी आहे आणि ती कुणी शिकवत नाही. कोशात 'वन्स' लिहिलेलं असेल तर ती जागा कर्त्याचीच असते. 'होल्ड वन्स टंग' म्हणजे गप्प बसणे, म्हणून 'शी हेल्ड हर टंग'. 'समवन्स' लिहिलेलं असेल तर ती जागा दुसऱ्याची. 'पुल समवन्स लेग' म्हणजे दुसऱ्या कुणाची थट्टा करणे, म्हणून 'ही वॉज पुलिंग माय लेग'. या एका खुणेने सर्वनामांच्या निम्म्या चुका टळतात.

आता 'बाइट द बुलेट' घेऊ. याद्यांमध्ये अर्थ 'सहन करणे' एवढाच असतो, तो अपुरा आहे. नकोशी, टाळत आलेली, पण अटळ असलेली गोष्ट एकदाची करून टाकणे, हा खरा अर्थ. म्हणजे यात निर्णय असतो. वर्षानुवर्षं गुडघेदुखी सोसणाऱ्याला हे लागू नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेऊन टाकणाऱ्याला लागू आहे. भूतकाळ 'बिट'. पुढे बहुधा 'अँड' येतं आणि मग ती कृती: 'शी बिट द बुलेट अँड टोल्ड देम द ट्रुथ'. 'द' बदलत नाही, 'बुलेट' अनेकवचनी होत नाही. सूर अनौपचारिक, पण बातम्यांत आणि कचेरीत सर्रास चालतो. हे एवढं कार्डावर आलं की वाक्य आपोआप सुचतं.

नवखा_वाचक

छान धागा. एक शंका. ५०० वाक्प्रचारांच्या याद्या मिळतात, शरीराचे अवयव, प्राणी, रंग अशा गटांत लावलेल्या. त्या क्रमाने करत गेलं तर चालेल का? आठवड्याला किती करावेत?

अनुस्वार

गटांच्या याद्या शोधायला बऱ्या, शिकायला वाईट. 'आउट ऑफ द ब्लू', 'वन्स इन अ ब्लू मून', 'फील ब्लू' एकाच दिवशी केले तर आठवताना एकमेकांत मिसळतात. शब्दसंग्रहाबाबत टिंकहॅम यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र दिले की शिकणं मंदावतं. वाक्प्रचारांत तर शब्दही सारखे असतात, त्यामुळे गोंधळ दुप्पट. 'बाइट द बुलेट' आज केलात तर 'डॉज अ बुलेट' आणि 'बाइट द डस्ट' दोन-तीन आठवड्यांनी करा. 'डॉज अ बुलेट' म्हणजे थोडक्यात बचावणे, आणि तिथे 'द' नसून 'अ' असतो, हेही तेव्हाच नोंदवा.

आठवड्याला पाच पुरेत, जास्तीत जास्त सात. निवडीची कसोटी सोपी आहे: वेगवेगळ्या ठिकाणी दोनदा भेटलेलाच वाक्प्रचार कार्डावर घ्यायचा. एकदाच भेटलेला नुसता समजून घेऊन सोडून द्यायचा. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' प्रत्येक यादीत पहिल्या पानावर असतो. जोनाथन स्विफ्टने तो १७३८ साली छापलेल्या संवादांत वापरला होता. आज तो जुनाट वाटतो, इंग्रजी बोलणारे लोक साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतात. तो समजला म्हणजे झालं, वापरण्यात वेळ घालवू नये.

उजळणी १, ३, ७ आणि २१व्या दिवशी. अँकी (उजळणीची कार्डं दाखवणारं ॲप) वापरत असाल तर कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्प्रचार लिहू नका. प्रसंग लिहा आणि वाक्यात जागा मोकळी सोडा. इंग्रजीकडून मराठीकडे जाणारी कार्डं फक्त ओळख पक्की करतात, बोलताना आपल्याला उलट दिशेने जायचं असतं.

काना_मात्रा

शब्दवेध यांनी 'काय बदलत नाही' हा रकाना ठेवलाय, त्यावर थोडं सविस्तर. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

क्रियापदाचा काळ जवळजवळ नेहमी बदलतो. नाम, त्याचं वचन आणि 'अ' किंवा 'द' सहसा बदलत नाही. 'स्पिल द बीन' असं एकवचन होत नाही, 'पीसेस ऑफ केक' होत नाही. कर्मणी प्रयोगाचं मात्र दर वाक्प्रचाराला वेगळं. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' सहज उलटतो, 'नो स्टोन वॉज लेफ्ट अनटर्न्ड'. 'बरी द हॅचेट' उलटतो. 'पुल स्ट्रिंग्ज' तर 'पुल अ फ्यू स्ट्रिंग्ज' असाही चालतो. पण 'किक द बकेट' (मरणे) उलटून 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की कुणीतरी खरोखर बादलीला लाथ मारली एवढंच उरतं.

यामागे कारण आहे. नन्बर्ग, सॅग आणि वासो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९४ साली ते नीट मांडलं. 'स्पिल द बीन्स'मध्ये अर्थाची वाटणी करता येते: सांडणे म्हणजे उघड करणे, बीन्स म्हणजे गुपित. भागांना अर्थ असला की भाग हलवता येतात. 'किक द बकेट'मध्ये बादली म्हणजे कोण? कुणीच नाही, अख्ख्या तीन शब्दांचा मिळून एकच अर्थ, मरणे. म्हणून तो हलत नाही. 'ही वॉज किकिंग द बकेट' असा चालू काळही त्या अर्थाने होत नाही.

तेव्हा नवा वाक्प्रचार भेटला की हा प्रश्न विचारा: यातल्या नामाच्या जागी मला एखादी खरी गोष्ट ठेवता येते का? येत असेल तर थोडी मोकळीक आहे. येत नसेल तर जसाच्या तसा वापरा.

आणखी एक, काही वाक्प्रचार नकारातच राहतात. 'इट्स नॉट माय कप ऑफ टी', 'ही डिडन्ट लिफ्ट अ फिंगर', 'आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट'. यांचा होकार केला की वाक्य विचित्र होतं. कार्डावर सांगाड्यातच 'नॉट' लिहून टाका.

मृगजळ

+१. हा धागा वाचनखुणांत साठवला.

मराठी भाषकांसाठी एक वेगळा सापळा आहे, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शब्द तेच, चित्र तेच, अर्थ भलताच.

पहिला मान 'पुल समवन्स लेग'चा. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत ती निव्वळ गंमत आहे, खोटंच सांगून कुणाला क्षणभर फसवणे. 'माय कलीग्ज आर ऑल्वेज पुलिंग माय लेग' असं तक्रारीच्या सुरात लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की कचेरीत हसतंखेळतं वातावरण आहे. आपल्या अर्थासाठी 'होल्ड समवन बॅक' किंवा 'अंडरमाइन' वापरावं. आणि 'ड्रॅग वन्स फीट' हा आणखी तिसरा: मुद्दाम चालढकल करणे. तिथे 'वन्स' आहे, म्हणजे पाय स्वतःचेच.

दुसरा हात धुण्याचा. 'वॉश वन्स हँड्ज ऑफ समथिंग' म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे. बायबलमध्ये येशूचा खटला चालवणारा रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर हात धुऊन 'माझ्यावर दोष नाही' म्हणतो, तिथून हा अर्थ आला. आपण हात धुऊन मागे लागतो तेव्हा बरोबर उलटं करत असतो. आणि एखाद्या गोष्टीला हात धुऊन बसणे म्हणजे ती गमावणे. तिन्हींत पाणी तेच, अर्थ तीन. 'ऑफ' विसरू नका, त्याशिवाय नुसती हात धुण्याची क्रिया उरते.

डोकं खाण्याला इंग्रजीत जोड नाही. 'ही ईट्स माय हेड' कुणालाच कळणार नाही. 'बाइट समवन्स हेड ऑफ' आहे, पण तो अंगावर खेकसण्यासाठी. भुणभुण लावण्यासाठी 'नॅग' किंवा 'पेस्टर' हे साधे शब्द बरे.

उलट काही जोड्या चपखल आहेत आणि तिथे मराठीचा आधार बिनधास्त घ्यावा. 'कट ऑफ युअर नोज टू स्पाइट युअर फेस' म्हणजे अगदी आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स'ला नाचता येईना अंगण वाकडं. 'काउंट युअर चिकन्स बिफोर दे हॅच'ला बाजारात तुरी. 'ॲड फ्यूएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल. 'क्रोकोडाइल टिअर्स'चे नक्राश्रू. कार्डावर एक खूण करा: जोडी जुळते, जुळत नाही, किंवा फसवी आहे. फसव्या जोड्यांची उजळणी दुप्पट.

रानवाट

ब्रिटिश आणि अमेरिकन रूपांचा घोळ होऊ नये म्हणून नेहमी लागणाऱ्या जोड्या, ब्रिटिश आधी:

'टच वुड', 'नॉक ऑन वुड'. 'स्टॉर्म इन अ टीकप', 'टेम्पेस्ट इन अ टीपॉट'. 'स्केलेटन इन द कबर्ड', 'स्केलेटन इन द क्लॉझेट'. 'फ्लॉग अ डेड हॉर्स', 'बीट अ डेड हॉर्स'. 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट', 'टूट युअर ओन हॉर्न'. 'अ पिंच ऑफ सॉल्ट', 'अ ग्रेन ऑफ सॉल्ट'. 'स्वीप अंडर द कार्पेट', 'स्वीप अंडर द रग'.

कुठलंही चालतं, एका लेखात दोन्ही मिसळू नयेत एवढंच. खरी पंचाईत अर्थ उलटतो तिथे. बैठकीत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणे, अमेरिकेत चर्चा पुढे ढकलणे. दोन्हीकडची माणसं असतील तर हा शब्द टाळावा, 'डिस्कस टुडे' किंवा 'पोस्टपोन' असं सरळ लिहावं. 'आय कुडन्ट केअर लेस'चं अमेरिकेत 'आय कुड केअर लेस' असंही ऐकू येतं आणि अर्थ तोच, मुळीच फिकीर नाही. शिकणाऱ्याने 'कुडन्ट' धरावं, ते दोन्हीकडे बरोबर आहे.

खेळांतून आलेले वाक्प्रचारही असेच विभागले गेलेत. 'स्टिकी विकेट' क्रिकेटमधला, अमेरिकेत फारसा पोचत नाही. 'बॉलपार्क फिगर' आणि 'स्टेप अप टू द प्लेट' बेसबॉलमधले, पण आता सगळीकडे कळतात. टेनिसमधला 'द बॉल इज इन युअर कोर्ट' आणि मुष्टियुद्धातले 'बिलो द बेल्ट', 'थ्रो इन द टॉवेल' हे तर कुठेही चालतात.

नवखा_वाचक

उगम शिकल्याने लक्षात राहतं असं म्हणतात. ते खरं आहे का?

अनुस्वार

राहतं. फ्रँक बोअर्स आणि सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. मूळ चित्र कुठलं होतं ते कळलं की आठवण पक्की होते, आणि कधीकधी सूरही कळतो. 'लर्न द रोप्स' शिडाच्या जहाजांवरच्या दोरखंडांतून आला हे कळलं की तो नव्या कामाची रीतभात शिकण्यासाठीच का वापरतात ते वेगळं सांगावं लागत नाही. 'द राइटिंग ऑन द वॉल' बायबलच्या दानिएल पुस्तकातल्या ५व्या अध्यायातला. राजाच्या मेजवानीत भिंतीवर अक्षरं उमटतात आणि त्याच्या राज्याचा अंत सांगतात. म्हणून तो येऊ घातलेल्या अनर्थाच्या चिन्हासाठीच वापरायचा, चांगल्या शकुनासाठी नाही.

पण समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या उगमकथांपासून सावध राहा. 'द होल नाइन यार्ड्‌ज' म्हणजे सगळंच्या सगळं. तो दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या गोळ्यांच्या पट्ट्यावरून आला, पट्टा नऊ यार्ड लांब होता, ही कथा फार लोकप्रिय आहे. ती टिकत नाही. इंडियानातल्या वृत्तपत्रात तो १९०७ सालीच छापलेला सापडलाय, आणि १९१२ सालच्या केंटकीतल्या छापील मजकुरात 'द होल सिक्स यार्ड्‌ज' आहे. आकडाच ठरलेला नव्हता, तर पट्टा कुठून मोजणार!

'ब्लू मून'चंही तसंच. एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, हा अर्थ १९४६ साली एका खगोल मासिकातल्या लेखात पंचांग चुकीचं वाचल्यामुळे रूढ झाला. वाक्प्रचार त्याहून जुना, १९व्या शतकातला. १९ वर्षांत महिने २२८ आणि पौर्णिमा २३५, म्हणजे असे ब्लू मून सातच. म्हणून 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षांनी, असं गणित काही जण मांडतात. तसं नाही, त्याचा अर्थ नुसता 'फार क्वचित'.

झुळूक

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या मुलाखतीत वाक्प्रचार वापरले की गुण वाढतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. किती वापरावेत?

शब्दवेध

मोजून वापरू नयेत. बोलण्याच्या परीक्षेत ७च्या बँडसाठी (म्हणजे गुणश्रेणीसाठी) कमी प्रचलित आणि 'इडिओमॅटिक' शब्दसंपदा, सोबत शैलीची जाण, अशी अपेक्षा आहे. त्या शब्दाचा अर्थ अनेक जण म्हणी आणि कुत्री-मांजरं असा घेतात. त्यात सहजपणे जुळून येणारे शब्दही आले: 'अ स्टीप लर्निंग कर्व्ह', 'आय टेंड टू पुट थिंग्ज ऑफ', 'इट स्लिप्ड माय माइंड', 'ऑफ द टॉप ऑफ माय हेड'. हे बोलण्यात विरघळतात. प्रश्नाशी संबंध नसताना 'एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग' कोंबलं की पाठांतर उघडं पडतं.

निबंधात मात्र बोलीतले वाक्प्रचार टाळावेत. 'कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग'ऐवजी 'प्रोहिबिटिव्हली एक्सपेन्सिव्ह'.

उच्चाराकडेही लक्ष द्या. जोर सहसा शेवटच्या मुख्य शब्दावर असतो: 'स्पिल द' हलकं, 'बीन्स' ठाशीव. 'आउट ऑफ द' घाईत, 'ब्लू' लांब. सगळ्या शब्दांवर सारखा जोर दिला तर ऐकणाऱ्याला तो वाक्प्रचार म्हणून पटकन उमगत नाही. यूग्लिशवर वाक्प्रचार टाकला की खऱ्या बोलण्यातल्या चित्रफितींचे तुकडे लागोपाठ लागतात. दहा तुकडे ऐका, मग तोंडाने म्हणा.

काना_मात्रा

पडताळणीसाठी आणखी दोन साधनं. पहिलं, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश. अर्थाआधी त्यातले शेरे वाचा: 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ह्यूमरस', 'डिसअप्रूव्हिंग'. शेवटचा शेरा असेल तर तो वाक्प्रचार टीकेसाठी आहे, कौतुकात वापरायचा नाही. शोधताना 'गेट', 'टेक', 'मेक'खाली खोदत बसू नका, त्यातल्या नामाखाली पाहा.

दुसरं, गुगल एनग्राम व्ह्यूअर. दोन रूपं स्वल्पविराम देऊन टाकली की पुस्तकांत कुठलं रूप किती आणि कधीपासून, याचा आलेख मिळतो. मर्यादा पाच शब्दांची, म्हणून लांब वाक्प्रचाराचा मधला तुकडा टाका. दोन रूपांपैकी एक जमिनीला टेकलेलं दिसलं तर ते बहुधा चूक. एक लक्षात ठेवा: हा शब्दशः आणि लाक्षणिक वापर वेगळा करत नाही, त्यामुळे 'किक द बकेट'मध्ये खऱ्या बादल्याही मोजल्या जातात.

रानवाट

वाचताना अडतं ते तुटक म्हणींपाशी. 'वेल, टू मेनी कुक्स...' एवढंच लिहून लेखक पुढे जातो, उरलेली म्हण वाचकाने मनात पुरी करायची असते. 'व्हेन इन रोम', 'स्पीक ऑफ द डेव्हिल', 'बर्ड्‌ज ऑफ अ फेदर', 'द लास्ट स्ट्रॉ' हे सगळे मोठ्या म्हणींचे तुकडे. अशा म्हणी पूर्ण शिकाव्यात, पण वापरताना तुकडाच वापरावा. पूर्ण म्हण ऐकवली की उपदेशाचा सूर लागतो.

झुळूक

धन्यवाद सगळ्यांना. ही पाच वाक्यं तपासून देता का?

१. वुई आर ऑन द सेम बोट.
२. देअर इज नो लव्ह लॉस्ट बिटवीन द सिस्टर्स, सो दे मीट एव्हरी डे.
३. वुई कट कॉर्नर्स अँड गेव्ह द क्लायंट अ बेटर प्रॉडक्ट.
४. ॲट द एंड ऑफ द डे, आय विल सेंड द रिपोर्ट.
५. आय ॲम सॉरी टू हिअर दॅट युअर अंकल किक्ड द बकेट.

मृगजळ

१. 'इन द सेम बोट'. 'ऑन' येतं ते 'ऑन द सेम पेज'मध्ये. अर्थही वेगळे: बोट म्हणजे सारखीच, बहुधा अडचणीची परिस्थिती, पेज म्हणजे एकमत.

२. अर्थ उलटा झालाय. 'नो लव्ह लॉस्ट' म्हणजे दोघींत विस्तव जात नाही. जिव्हाळा सांगायचा तर 'द सिस्टर्स आर व्हेरी क्लोज'.

३. 'कट कॉर्नर्स' म्हणजे पैसा किंवा वेळ वाचवायला कामात कसूर करणे. हा आरोप आहे, त्यातून चांगली वस्तू कशी निघेल? काटकसर म्हणायची असेल तर 'कट कॉस्ट्स'.

४. वाक्याच्या सुरुवातीला आलं की याचा अर्थ 'सरतेशेवटी, सगळा विचार करता' असा लागतो. संध्याकाळपर्यंत म्हणायचं असेल तर 'आय विल सेंड द रिपोर्ट बाय द एंड ऑफ द डे'. 'ॲट'चं 'बाय' आणि जागा शेवटची.

५. हे कधीही पाठवू नका. 'किक द बकेट' थट्टेच्या सुरातला आहे, कोशकार फ्रान्सिस ग्रोसनेही तो १७८५ साली बोलभाषेच्या कोशातच नोंदवला होता. सांत्वनात वाक्प्रचार नकोच. 'आय ॲम सो सॉरी टू हिअर अबाउट युअर अंकल' एवढं पुरेसं आहे, मृत्यूचा उल्लेख हवाच असेल तर 'पास्ड अवे'.